मॅकडॉवेल काउंटी : तळटीप

* मॅकडॉवेल काउंटी : अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्याच्या दक्षिण टोकाचा डोंगराळ, कोळशाचा मुलूख, मुख्य ठाणं वेल्च. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा, पण वस्ती आज एखाद्या मोठ्या गावाएवढीच. लेखकाने वर्णिलेली भरभराट १९५०च्या सुमाराची. त्या वर्षीच्या जनगणनेत इथे ९८,८८७ माणसं होती. २०२०मध्ये उरली १९,१११. कोळसा संपला म्हणून हे झालं, हा समज अपुरा आहे. खाणींत यंत्रं आली आणि कोळसा निघत असतानाच मजूर घरी बसले. केनेडी सरकारच्या प्रायोगिक योजनेतले पहिले फूड स्टॅम्प (गरिबांना अन्नधान्य घेण्यासाठीची सरकारी कुपनं) मे १९६१मध्ये वेल्चलाच दिले गेले : पंधरा माणसांच्या एका कुटुंबाला, ९५ डॉलरचे. घरांची तऱ्हा तर आणखी चमत्कारिक. खाण कंपन्यांनी बांधलेली एकसारखी लाकडी घरं पुढे बऱ्याच कामगारांनी विकत घेतली. त्यामुळे भाडेकरू थोडे, मालकच जास्त. मात्र ओळीने रिकामी घरं पडलेली असताना त्या मालकीला भाव कुठला? तेव्हा पुढे ‘स्वतःचं घर असलेले’ असा उल्लेख येईल, तिथे वाचकांनी ती माणसं सधन समजू नयेत. – संपा.