लोकवर्गणीतून अल्बम: पैसे देण्याआधी काय तपासाल?

क्राउडफंडिंग म्हणजे लोकवर्गणी: काम पूर्ण होण्याआधीच अनेकांनी थोडे थोडे पैसे देणे. मॅरिलियन या ब्रिटिश प्रोग्रेसिव्ह रॉक बँडने २००१ चा 'अनोरॅक्नोफोबिया' असाच काढला. ध्वनिमुद्रणाआधीच चाहत्यांनी १२ हजारांहून अधिक प्रतींचे पैसे भरले. मराठीत कौशल इनामदार यांचे 'मराठी अभिमानगीत' (२०१०) लोकवर्गणीतूनच उभे राहिले.

जुन्या अल्बमचे रिमिक्सिंग करायचे, तर गायन, गिटार, ड्रम्स यांचे वेगवेगळे ट्रॅक जपलेले हवेत. फक्त तयार गाणे उरले असेल, तर प्रत्येक वाद्याचा आवाज नव्याने जुळवणे कठीण. त्यामुळे रत्नागिरीतल्या ओळखीच्या बँडने वर्गणी मागितली तरी आधी विचारा: मूळ ट्रॅक आहेत का? गाण्यांचे हक्क कोणाकडे? काम रखडले तर पैसे परत मिळतील का?