सहा शिलिंगांचा खाडा

डेव्हिड स्टोरी यांची 'धिस स्पोर्टिंग लाइफ' ही १९६० सालची कादंबरी आम्ही वर्गात जेव्हा जेव्हा चर्चेला घेतली, तेव्हा तेव्हा विद्यार्थ्यांचा एक गैरसमज आधी दूर करावा लागला. इंग्रजी खेळ, त्यातही रग्बी, म्हणजे श्रीमंतांच्या निवासी शाळांतला, सभ्य गृहस्थांचा खेळ अशी त्यांची समजूत असते. मग कादंबरीचा नायक आर्थर मॅचिन हा कारखान्यात लेथवर काम करणारा कामगार कसा, आणि करारावर सही करताना त्याला मिळणाऱ्या धनादेशाभोवती लेखक एवढा का घुटमळतो, हे त्यांना उमगत नाही. उत्तर सोपे आहे. मॅचिन खेळतो ती रग्बी वेगळी. तिचे नाव रग्बी लीग, आणि ती जन्माला आली तीच मुळी मजुरीच्या भांडणातून. या भांडणाचा इतिहास ठाऊक नसेल तर कादंबरीचे अर्धे मर्म हातातून निसटते, असे आमचे मत आहे.

त्या भांडणाच्या केंद्रस्थानी दोन इंग्रजी शब्द होते : 'ब्रोकन टाइम'. शब्दशः भाषांतर करू गेल्यास काहीच हाती लागत नाही. पण मराठी कामगाराच्या बोलीत यासाठी नेमका शब्द आहे, तो म्हणजे खाडा. कामावर गैरहजर राहिले की खाडा पडतो आणि त्या दिवसाची मजुरी कापली जाते. यॉर्कशायर आणि लँकेशायरमधल्या गिरण्यांत, खाणींत, गोद्यांत राबणारा खेळाडू शनिवारी दूरच्या गावी सामना खेळायला निघाला की त्याचा खाडा पडे. हा खाडा कोणी भरून द्यायचा, एवढाच प्रश्न होता.

शनिवारच का, हेही सांगितले पाहिजे. १८५० च्या कारखाना कायद्याने कापडगिरण्यांतल्या स्त्रिया व अल्पवयीन कामगारांचे शनिवारचे काम दुपारी दोनला थांबले, आणि त्यांच्यावाचून गिरणी चालणे अवघड असल्यामुळे पुरुषांनाही ती दुपार मोकळी मिळाली. उत्तर इंग्लंडच्या मैदानांवरची गर्दी या मोकळ्या दुपारीतून आली. १८७७ मध्ये यॉर्कशायर चषकाची स्पर्धा सुरू झाली आणि गावागावांतली चुरस पेटली. मैदानांना कुंपणे पडली, फाटकाशी पैसे गोळा होऊ लागले. खेळाडू, प्रेक्षक आणि फाटकावरचा पैसा ही तिन्ही एकाच वस्तीतली होती. नेमकी हीच गोष्ट लंडनला खुपली.

१८७१ मध्ये लंडनला स्थापन झालेल्या रग्बी फुटबॉल युनियनने १८८६ मध्ये हौशीपणाचे कडक नियम केले. आदल्याच वर्षी फुटबॉलच्या संघटनेने व्यावसायिक खेळाडूंना मान्यता दिली होती. त्याआधी, १८८३ मध्ये, ब्लॅकबर्न ऑलिंपिक या गिरणीगावच्या संघाने इटन शाळेच्या माजी विद्यार्थ्यांना हरवून एफ. ए. चषक उत्तरेत नेला होता. आपल्या खेळातही असेच होईल, ही रग्बीच्या धुरीणांची भीती होती. तत्त्वाची भाषा मागाहून आली असे म्हणण्यास भरपूर जागा आहे.

हौशी आणि धंदेवाईक या शब्दांच्या जोडीकडे साहित्याच्या अभ्यासकांनी थोडे थबकून पाहावे. आपल्या रंगभूमीच्या चर्चेतही ही जोडी दीर्घकाळ वावरली, आणि 'धंदेवाईक' म्हणताना ओठाला पडणारी मुरड अजून पुरती गेलेली नाही. जो पैसे घेतो त्याचे कलेवर प्रेम नाही, हे त्यामागचे गृहीतक. ते सोयीचे होते ते कोणाला, हे १८९५ सालच्या एका तपशिलावरून ध्यानात येते. त्या वर्षी डब्ल्यू. जी. ग्रेस यांच्या गौरवार्थ इंग्लंडात नऊ हजार पौंडांच्या आसपास निधी जमला. ग्रेस कागदोपत्री हौशी क्रिकेटपटू होते. १८७३-७४ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यासाठी त्यांनी खर्चाव्यतिरिक्त दीड हजार पौंड घेतले होते, तरी ते हौशीच राहिले. याउलट १८८८ मध्ये रग्बीच्या ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड दौऱ्यावर निघालेल्या हॅलिफॅक्सच्या जॅक क्लाउज या खेळाडूने कपडेलत्त्यासाठी पंधरा पौंड घेतले, म्हणून त्याला व्यावसायिक ठरवण्यात आले. बिचारा दौऱ्यावर गेला, पण खेळू शकला नाही.

२० सप्टेंबर १८९३ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर पॅलेस हॉटेलात सर्वसाधारण सभा भरली. यॉर्कशायरतर्फे जेम्स मिलर यांनी ठराव मांडला : खेळाडूचा जो खरोखर खाडा पडतो तेवढा भरून देण्यास क्लबांना मुभा असावी. पगार नको होता, खाड्याची भरपाई हवी होती. ठराव १३६ विरुद्ध २८२ मतांनी फेटाळला गेला. विरोधकांनी शंभराहून अधिक मते प्रतिनिधिपत्रांवर गोळा करून आणली होती. सभा लंडनला, म्हणजे उत्तरेकडच्या माणसाला तिथे यायचे तर पुन्हा खाडाच. जे नाकारायचे ते नाकारण्यासाठीची जागासुद्धा किती अचूक निवडलेली!

दोन वर्षांनी, २९ ऑगस्ट १८९५ रोजी, हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेचे क्लब जमले आणि त्यांनी नॉर्दर्न युनियन ही स्वतंत्र संघटना काढली. ड्यूजबरीने ऐनवेळी माघार घेतली, स्टॉकपोर्टने दूरध्वनीवरून होकार कळवला, आणि बावीस क्लब झाले. खाड्याची भरपाई ठरली दिवसाला सहा शिलिंग. १८९८ मध्ये उघड व्यावसायिकतेला परवानगी मिळाली, पण अट अशी की खेळाडूने दुसरे काहीतरी प्रामाणिक काम केलेच पाहिजे. मद्यगृहातला वाढपी किंवा बिलियर्डच्या टेबलाशी गुण मांडणारा चालणार नाही, असेही नियमांत नमूद होते. बंडखोरांच्या अंगात जुन्या मालकांची नीतिमत्ता किती मुरलेली असते, याचा हा मासला आम्हांला कमालीचा बोलका वाटतो.

बावीस क्लबांत ओल्डहॅमही होते. या गावाशी मुंबईचा संबंध जुना आहे : कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये स्थापलेल्या गिरणीपासून पुढे मुंबईच्या कित्येक गिरण्यांतली यंत्रे ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सकडून आली. यंत्रे आली, शनिवारची दुपार आली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांना गिरणी कामगारांसाठी रविवारची एक सुट्टी मिळवायला १८९० साल उजाडावे लागले. १८९१ च्या भारतीय कारखाना कायद्यामागे स्वस्त मुंबईशी स्पर्धा नको असलेल्या लँकेशायरच्या मालकांचाही रेटा होता, हे इतिहासकारांनी दाखवले आहे. गिरणगावात पुढे कबड्डीचे संघ उभे राहिले ते या उसंतीवरच. पण तो विषय स्वतंत्र लेखाचा.

फाटकावरच्या पैशावर जगायचे म्हणजे फाटकातून येणाऱ्याचे मन राखायचे. नॉर्दर्न युनियनने १८९७ मध्ये लाइन-आउट काढून टाकला, १९०६ मध्ये खेळाडू पंधरांवरून तेरा केले. चेंडू दिसावा, धाव दिसावी, ढिगाऱ्यात खेळ गाडला जाऊ नये हा हेतू. आज रग्बी लीग आणि रग्बी युनियन यांत जो फरक दिसतो तो असा प्रेक्षकाच्या डोळ्याने घडवलेला आहे. लोकनाट्याचा बाज प्रेक्षकांच्या दादेने कसा घडत जातो हे शिकवताना आम्हांला हे उदाहरण उपयोगी पडले आहे. १९०८ मध्ये सिडनीतही याच धर्तीची लीग सुरू झाली. तिथले निमित्तही तेच : जायबंदी खेळाडूच्या बुडालेल्या मजुरीची कोणी दाद घेईना.

या प्रेक्षकवर्गाचे सर्वांत भव्य दर्शन घडले ५ मे १९५४ रोजी, ब्रॅडफर्डच्या ऑडसल मैदानावर. हे मैदान मूळचे खाणीचा खड्डा. ब्रॅडफर्डच्या नगरपालिकेने गावाचा कचरा आणि राख टाकून त्याचे उतार घडवले आणि १९३४ मध्ये ते खेळाला खुले झाले. चॅलेंज चषकाचा अंतिम सामना १९२९ पासून लंडनच्या वेम्ब्लीवर होत असे. १९५४ चा सामना तिथे ४-४ असा बरोबरीत सुटला आणि फेरसामना उत्तरेत आला. बुधवारची संध्याकाळ, वॉरिंग्टन विरुद्ध हॅलिफॅक्स, आणि अधिकृत तिकिटविक्री १,०२,५६९. प्रत्यक्षात माणसे कितीतरी अधिक असावीत, असे सारे सांगतात. वॉरिंग्टनने ८-४ असा विजय मिळवला. राजधानीतल्या मैदानाला जे साधले नव्हते ते गावच्या राखेवर उभ्या राहिलेल्या लोकांनी करून दाखवले, आणि हा उच्चांक १९९९ मध्ये सिडनीत मोडेपर्यंत टिकला.

तोवर पैशाची वाट बदलली होती. १९६५ पासून बी.बी.सी.च्या दुसऱ्या वाहिनीसाठी प्रकाशझोतांतली स्पर्धा सुरू झाली, आणि क्लबांनी दिव्यांचे खांब उभारले ते कॅमेऱ्यासाठी. एप्रिल १९९५ मध्ये तर सौदाच झाला. रुपर्ट मर्डॉक यांच्या कंपनीने पाच वर्षांसाठी ७ कोटी ७० लाख पौंड देऊ केले. मोबदल्यात सुपर लीग नावाची नवी स्पर्धा हवी होती, शिवाय ती हिवाळ्यात न खेळता उन्हाळ्यात खेळायची. शेजारच्या क्लबांचे विलीनीकरण करावे अशीही योजना होती. कॅसलफर्ड, वेकफील्ड आणि फेदरस्टोन मिळून 'काल्डर' नावाचा एक क्लब व्हायचा होता. फेदरस्टोन हे छोटेसे खाणगाव. तिथली ॲक्टन हॉल खाण १९८५ मध्ये बंद पडली होती, आणि १९८३ मध्ये याच गावाने हलसारख्या मोठ्या शहराच्या संघाला हरवून चॅलेंज चषक नेला होता. खाण गेली, आता नावही जाणार म्हणून लोक चिडले, निदर्शने झाली, आणि विलीनीकरणाचा बेत मागे घ्यावा लागला. रक्कम मात्र वाढून ८ कोटी ७० लाख झाली.

योगायोग असा की त्याच वर्षी ऑगस्टच्या अखेरीस, हडर्सफील्डच्या सभेला शंभर वर्षे पुरी व्हायला दोन-तीन दिवस उरले असताना, रग्बी युनियननेही हौशीपणाचे बंधन उठवले. सहा शिलिंगांसाठी ज्यांना बाहेर घालवले होते, त्यांच्यामागून शंभर वर्षांनी घालवणारेही त्याच रस्त्याने आले. क्लाउजची क्षमा कोणी मागितली नाही.

ऑस्ट्रेलियात या दूरचित्रवाणी-युद्धाचा निवाडा न्यायालयापर्यंत गेला. १९०८ पासूनचा साउथ सिडनी हा कामगार वस्तीतला क्लब १९९९ च्या अखेरीस स्पर्धेतून वगळला गेला. सिडनीच्या रस्त्यांवर हजारोंचे मोर्चे निघाले, आणि २००२ मध्ये क्लब परत आला. इंग्लंडात मैदाने इतकी नशीबवान नव्हती. विगनचे सेंट्रल पार्क, जिथे १९०२ पासून खेळ चालला होता, १९९९ मध्ये बंद झाले आणि तिथे सुपरमार्केट आले.

आता इंग्लंडात वरच्या श्रेणीत कोणी खेळायचे हे मैदानावरच्या निकालांइतकेच गुणपत्रिकेवर ठरते. वीस गुणांच्या या पत्रिकेत संघाच्या कामगिरीखेरीज चाहतावर्ग, आर्थिक स्थिती, स्टेडियम आणि आजूबाजूची लोकसंख्या मोजली जाते. २०२३ मध्ये लंडन ब्रॉन्कोज हा संघ जिंकून वर चढला, आणि २०२४ चा हंगाम सुरू होण्याआधीच त्याला कळून चुकले होते की मैदानात काहीही केले तरी आपण खाली जाणार. विद्यापीठांच्या मूल्यांकन समित्यांसमोर कागदांचे गठ्ठे मांडून बसलेल्या आमच्यासारख्यांना या पद्धतीत अपरिचित असे काही नाही. तरीही एक गोष्ट मान्य केली पाहिजे : या गुणांच्या धाकाने काही जुन्या मैदानांची डागडुजी झाली.

वेकफील्डचे बेल व्ह्यू हे त्यांतले एक. स्टोरी याच वेकफील्डचे, खाणकामगाराचे चिरंजीव. तरुणपणी त्यांनी लीड्सच्या क्लबशी करार केला होता, आणि लंडनच्या स्लेड कलाशाळेत चित्रकला शिकताना ते शनिवारी रेल्वेने उत्तरेला खेळायला येत. लिंडसे अँडरसन यांनी १९६३ मध्ये कादंबरीवर चित्रपट केला, तेव्हा सामन्यांची दृश्ये बेल व्ह्यूवरच चित्रित झाली. आता तिथे नवी प्रेक्षकसज्जा उभी आहे, आणि २०२५ मध्ये वेकफील्डचा संघ सुपर लीगमध्ये परतला. चित्रपट वर्गात दाखवताना मॅचिनच्या चिखलाने माखलेल्या चेहऱ्यावरून नजर काढून मागच्या उतारावरच्या माणसांकडे पाहा, असे आम्ही विद्यार्थ्यांना सांगतो.