लाइव्ह मिस्सा, पुसलेले व्हिडिओ आणि ख्रिस्तपुराणाच्या हरवलेल्या प्रती

'चर्च आणि सोशल मीडिया' असा विषय पीएचडीसाठी घ्यायचा म्हटलं की पहिल्यांदा डोळ्यांपुढे येतात ते आकडे. व्ह्यूज किती, फॉलोअर्स किती, शेअर किती. प्रपोजलमध्ये असं टेबल छान दिसतं. मी स्वतः विज्ञान शाखेतून आलोय, त्यामुळे हा मोह मला चांगलाच कळतो. पण धर्मप्रसाराच्या माध्यमांचा इतिहास वाचायला घेतला की लक्षात येतं, की संदेश किती लोकांपर्यंत गेला हे कळून फारसं हाती लागत नाही. तो मिळालेल्या माणसाने त्याचं पुढे काय केलं, हा खरा प्रश्न. आणि गोची अशी की नेमका त्याचाच पुरावा सगळ्यात आधी नाहीसा होतो.

अलीकडचंच उदाहरण घेऊ. २५ मार्च २०२० ला देशभर लॉकडाऊन लागला आणि १२ एप्रिलला ईस्टर होता. दरवर्षी पवित्र आठवड्यात चर्चमध्ये उभं राहायला जागा नसते. त्या वर्षी बाकं रिकामी, फादर एकटे वेदीपाशी आणि समोर स्टँडवर मोबाइल. महाराष्ट्रात प्रार्थनास्थळं उघडली ती १६ नोव्हेंबर २०२० ला, पाडव्याच्या दिवशी. एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा बंद झाली, ती थेट ७ ऑक्टोबर २०२१ पर्यंत. म्हणजे या दोन टप्प्यांत मिळून वर्षाहून अधिक काळ अनेक धर्मग्रामांचं एकत्र येणं झालं ते फेसबुक किंवा यूट्यूबवर. पोप फ्रान्सिस यांना यातला धोका दिसत होता. १७ एप्रिल २०२० च्या प्रवचनात त्यांनी बजावलं होतं, की ही अडचणीच्या काळातली सोय आहे, चर्चने त्यातच राहायचं नाही.

त्या लाइव्ह मिस्सांचा व्हिडिओ म्हणजे अर्धाच दस्तऐवज. दुसरा अर्धा खाली, कमेंट्समध्ये. 'आमेन', जोडलेले हात, आजारी माणसांची नावं, गेलेल्यांसाठी प्रार्थनेची विनंती. अंत्यविधीला जाता येत नव्हतं अशा दिवसांत लोक एकमेकांना तिथे भेटत होते. वरचा विधी शतकानुशतकं तोच आहे. नवीन काय घडलं ते खालच्या ओळींत.

आता पुढची गोष्ट. फेब्रुवारी २०२५ मध्ये मेटाने जाहीर केलं, की फेसबुकवरचे लाइव्ह व्हिडिओ यापुढे फक्त ३० दिवस राहतील आणि जुने व्हिडिओही टप्प्याटप्प्याने काढून टाकले जातील. पेज चालवणाऱ्यांना आधी सूचना देऊन डाउनलोड करायला ९० दिवसांची मुदत दिली. पण डाउनलोड केलेल्या व्हिडिओ फाइलमध्ये कमेंट्स येत नाहीत. विधी वाचला, माणसं गेली!

हे असं पहिल्यांदा घडलेलं नाही. इंग्लंडहून आलेले जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात पोचले. त्यांचं मराठी ओव्यांमधलं ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये रायतूर इथे छापलं गेलं, तेही रोमन लिपीत. सुरुवातीलाच त्यात एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रींकडे मागणी करतो, की आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, तर वाचायला दुसरं काहीतरी द्या. म्हणजे ग्रंथाच्या रूपाची मागणीच ऐकणाऱ्याच्या तोंडी आहे. पुढे १६४९ आणि १६५४ मध्येही छपाई झाली. या तीनही आवृत्त्यांची एकसुद्धा छापील प्रत आज उपलब्ध नाही. १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने स्थानिक भाषा सोडून देण्याचा हुकूम काढला. अशा वातावरणात हे पुस्तक पुन्हा छापलं जाणं कठीणच होतं.

तरीही आपण ते वाचू शकतो, कारण लोकांनी ते हाताने उतरवून घेतलं होतं. जे. एल. साल्ढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळूरला जी आवृत्ती काढली, ती अशा हस्तलिखितांवरून. एक देवनागरी हस्तलिखित लंडनला मार्सडेन संग्रहात निघालं. अकरा हजारांच्या आसपास ओव्या बोरूने उतरवायच्या म्हणजे गंमत नाही. मला वाटतं, या नकला हाच ख्रिस्तपुराणाच्या परिणामाचा सगळ्यात भक्कम पुरावा आहे. छापखान्याने किती प्रती काढल्या हे कळलं असतं, तरी त्यातून एवढं समजलं नसतं.

दुसरं उदाहरण 'ज्ञानोदय'चं. अमेरिकन मराठी मिशनने १८४२ मध्ये अहमदनगरला सुरू केलेलं हे नियतकालिक. उद्देश उघडच धर्मप्रसाराचा. पण नियतकालिक काढलं की पत्रं येतात, वाद येतात, बातम्या येतात. आज पेज चालवणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. १८५५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये ज्ञानोदयने दोन भागांत एक निबंध छापला. लेखिका मुक्ताबाई, पुण्यात जोतीराव फुल्यांच्या शाळेत शिकणारी १४ वर्षांची मांग समाजातली मुलगी. विषय, मांग-महारांची दुःखं. पेशवाईत आपल्या लोकांवर काय गुदरलं आणि आता काय चाललंय, ते ती थेट लिहिते. मिशनला जे सांगायचं होतं त्याच्याशी तिचा निबंध काही ठिकाणी जुळतो, पण दुःख तिचं आहे आणि मराठीही तिची आहे. ज्ञानोदयचे अंक बांधून ठेवले गेले म्हणून ती आपल्यापर्यंत पोचली. तिच्या वर्गातल्या बाकीच्या मुलींनी काय लिहिलं असेल?

इथे विज्ञानातली एक सवय कामाला येते. हाती आलेला नमुना कुठल्या चाळणीतून आलाय, हे आधी विचारायचं. ज्ञानोदयची चाळणी होती संपादक मिशनरींची, ख्रिस्तपुराणाची नकलाकारांच्या चिकाटीची. लॉकडाऊनमधल्या मिस्सांची चाळणी म्हणजे एका कंपनीचा स्टोरेजचा हिशोब, आणि वर पेज सांभाळणाऱ्या पोराने वेळेत डाउनलोड केलं की नाही हा योगायोग. यूट्यूबवर टाकलेलं बरंच अजून दिसतं, फेसबुकवरचं नाही. मग केवळ यूट्यूब बघून 'मराठी ख्रिस्ती समाजाची ऑनलाइन उपासना' असा निष्कर्ष काढला, तर तो कुणाबद्दलचा असेल? कॅमेरा, माइक, चॅनेल सांभाळणारी माणसं असलेल्या चर्चबद्दल. छोट्या गावातल्या पाळकाने व्हॉट्सअॅपवर पाठवलेला रोजचा ऑडिओ त्यात येणारच नाही.

कुणाला हा विषय घ्यायचा असेल तर थांबू नका, शक्यतो याच वर्षी फील्डवर जा. मात्र हाती आलेल्या कमेंट्समध्ये लोकांचे आजार आणि घरातली मरणं आहेत. त्या सार्वजनिक पेजवर होत्या म्हणून नावांसकट प्रबंधात चिकटवायच्या नाहीत. धर्मांतरावरून एवढं तापलेलं असताना तर 'माझ्यासाठी प्रार्थना करा' असं लिहिणाऱ्या माणसाचं नाव उघड करणं त्याला महागात पडू शकतं. एथिक्स कमिटीचा फॉर्म इथे तरी मनापासून भरा.

आणि मुलाखतीला सुरुवात फादर किंवा पाळकांपासून करू नका. ज्या मुलामुलींनी तेव्हा मोबाइल धरला, पेज सांभाळलं, त्यांना आधी गाठा. बरेच जण एव्हाना नोकरीला लागले असतील, काही परदेशी गेले असतील. जुना फोन, लॅपटॉप, पेनड्राइव्ह, स्क्रीनशॉट, काय शिल्लक आहे ते विचारा. त्याच्याही आधी विचारायचा प्रश्न असा, की मेटाची ती ९० दिवसांची सूचना आली तेव्हा ती कुणी वाचली होती का.