रिंगणात नंबर नसतो

युरोपात साधारण दर चार वर्षांनी एक मोठा मेळावा भरतो. त्याचे नाव 'वर्ल्ड जिम्नॅस्ट्राडा'. नाव जिभेला अवघड आहे, पण गोष्ट आपल्या ओळखीची आहे. देशोदेशींची हजारो माणसे जमतात, गटागटाने कवायती, उड्या, मनोरे, नाच करून दाखवतात, दुसऱ्यांचे पाहतात आणि घरी जातात. नंबर काढत नाहीत, पदके देत नाहीत. त्यात शाळकरी मुले असतात, आज्या-आजोबा असतात, अपंग माणसेही असतात. २०२३ साली हा मेळावा अ‍ॅमस्टरडॅमला झाला. हे सगळे वाचताना मला सारखी आपली लेझीम आठवत होती. आणि थोडे खोलात गेल्यावर कळले की या दोन गोष्टींची गाठ पूर्वी एकदा पडलेलीही आहे.

स्वीडनमध्ये पेर हेन्रिक लिंग नावाचे व्यायामगुरू होऊन गेले. ते १८३९ साली वारले. त्यांच्या स्मृतिशताब्दीला, १९३९ मध्ये, स्टॉकहोम येथे 'लिंगियाड' नावाचा व्यायाम-महोत्सव झाला. दुसरा झाला १९४९ साली. त्या दुसऱ्या लिंगियाडला आपल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक गेले होते. अंबादासपंत आणि अनंतराव या वैद्य बंधूंनी १९१४ साली काढलेले हे मंडळ. १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळीही या मंडळाने तिथे आपले देशी खेळ दाखवले होते. लिंगियाडचाच धागा पुढे नेऊन सोमर नावाच्या डच गृहस्थांच्या पुढाकाराने १९५३ साली रॉटरडॅमला पहिला जिम्नॅस्ट्राडा भरला. म्हणजे त्या मेळाव्याच्या थोरल्या भावंडाला आपली माणसे हजर होती!

आता लेझीमबद्दल. शब्द मूळचा फारसी. सरावासाठी वापरायच्या नरम धनुष्याला 'लेझम' म्हणत. पुढे दोरीच्या जागी लोखंडी साखळी आणि चकत्या आल्या आणि तालमीतले पैलवान खांदे, दंड, छाती कमावण्यासाठी ती ओढू लागले. एकट्याने करायच्या या व्यायामाला ताल मिळाला, आणि ताल आला की माणसे जमतात. हलक्या लाकडी दांड्याची लेझीम गावोगाव गेली, जत्रेत, पालखीपुढे, गणपतीपुढे खेळू लागली. कसरतीचा नाच कधी झाला हे खेळणाऱ्यांनाही कळले नसेल.

आमच्या मुळशी तालुक्यात ढोल-लेझीम म्हणजे गावाची अब्रू. मावळ, मुळशी, भोर, वेल्हे या डोंगरपट्ट्यात पावसात भातलावणी उरकली की संध्याकाळी देवळापुढे ढोल निघायचे. चिखलात दिवसभर वाकलेली कंबर रात्री रिंगणात सरळ व्हायची. याच तालुक्याने १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. तो पुढे तीन वर्षे चालला, पण शेवटी जमिनी पाण्याखाली गेल्याच. माणसे काठावर, वरच्या अंगाला सरकली. भाताची खाचरे बरोबर नेता येत नाहीत. ढोल मात्र खांद्यावर घेऊन जाता येतो.

या रिंगणात म्हातारा असे, मिसरूड न फुटलेला पोरगा असे. ज्याचा पाय अधू तो झांज धरी, ज्याला दम लागे तो बाजूला होऊन पुन्हा येई. एकच गोष्ट खटकायची. रिंगणात बाई नव्हती. आम्ही मुली ओट्यावरून, आईच्या पदराआडून पाहायचो. पाय आमचेही हलायचे, पण ओट्यावरच.

मुलींच्या हाती लेझीम दिली ती शाळेने. हे श्रेय शाळांचे आहे आणि ते मोकळेपणाने द्यायला हवे. पुण्यात शिवरामपंत दामले यांनी १९२४ साली काढलेले महाराष्ट्रीय मंडळ, १९४१ पासूनचे राष्ट्र सेवा दल, अशा संस्थांनी व्यायाम आणि खेळ तालमीबाहेर काढून सर्वांपुढे आणले. शाळेत डंबेल्स, घुंगूरकाठी आणि लेझीम या त्रिकुटाशिवाय २६ जानेवारी होत नसे. 'चार आवाज', 'आठ आवाज' हे शब्द ऐकले की माझ्या वयाच्या बायकांचे खांदे आजही आपोआप हलतील! ज्या गावात मुलगी मोठ्याने हसली तर बोलणी बसत, त्याच गावाच्या मैदानात चाळीस मुली एका शिट्टीवर पाय आपटत होत्या आणि बाप माणसे टाळ्या वाजवत होती. त्या चाळीस जणींपैकी कितीजणी दहावीच्या पुढे गेल्या हे मोजू नका. पण त्या दिवशी त्यांनी जागा अडवली होती, आवाज केला होता. माझ्या मते हे थोडे नाही.

पुढे शिक्षिका झाल्यावर मीही मुलींची पथके बसवली. मग स्पर्धा आल्या. स्पर्धेने खेळ नेटका झाला, हे खरे. पण गुण असतात एकसारखेपणाला. मग उंचीने खुजी मुलगी वगळा, लंगडणारा मुलगा वगळा, चुकणारी वगळा. एका स्पर्धेत मला एका पाहुण्यांनी तसे सरळ सुचवले. मी पथक तसेच उतरवले, नंबर आला नाही. मुलांना वाईट वाटले, दोन दिवसांनी ती विसरली. वगळलेले मूल मात्र विसरत नाही, हे पस्तीस वर्षे वर्गात उभी राहून सांगते.

एकसारखेपणाचे सौंदर्य मला मान्य आहे. १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये महाराष्ट्राची लेझीम झाली, तेव्हा ऊर भरून आला होता. पण दुसरीही वाट आहे. दादरच्या श्री समर्थ व्यायाम मंदिरात उदय देशपांडे यांनी अंध मुलांना मल्लखांब शिकवला. खांब डोळ्यांना दिसावा लागत नाही, तो हाताला, पायाला, पोटाला कळतो. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पेशव्यांच्या पदरच्या बाळंभटदादा देवधरांनी ज्या खांबाचे पुनरुज्जीवन केले, तो पैलवानांसाठी होता. आज त्याला अंध मूल बिलगते. परंपरा जपणे याला म्हणतात.

आमच्या पिरंगुट-भूगाव भागात आता भातखाचरांच्या जागी उंच इमारती आहेत. नव्या सोसायट्यांतल्या आज्या सकाळी बाकावर बसून गुडघ्यांविषयी बोलतात, जुन्या गावची पोरे मोबाईलवर असतात, आणि दोघांची ओळख नाही. मला वाटते, यांना एकत्र आणायला सभा नको, भाषण नको. वीस लेझमी आणि एक ढोल पुरे. गुडघा दुखत असेल त्याने उभ्या उभ्या हात चालवावेत.

युरोपातल्या लोकांनी त्यासाठी संघटना काढली, नाव दिले, नियम केले. आपल्याकडे रिंगण आयतेच आहे. फक्त ते थोडे रुंद करायचे आहे.

असो. तुमच्या गावच्या रिंगणात कोण कोण असे, आणि कोण नसे, ते जरूर लिहा. नसलेल्यांविषयी आधी लिहा.