चिखल्या

पावसाळ्यात सतत ओल्या राहणाऱ्या पायांच्या बोटांच्या बेचक्यांत होणारा त्वचाविकार. त्वचा पांढरी पडून सोलवटते. खाज व आग होते. सुश्रुतसंहितेत ‘अलस’ या नावाने त्याचे वर्णन असून दूषित चिखलाचा स्पर्श हे कारण सांगितले आहे. पाय कांजीने भिजवून लेप लावावा, असा उपचार तेथे दिला आहे. कदर (कुरूप) व पाददारी (भेगा) हे विकारही त्याच प्रकरणात येतात.

रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला सु. ३,००० मिमी.हून अधिक पाऊस पडतो व भाताची लावणी अनवाणी पायांनी चिखलात होते. त्यामुळे लावणी करणाऱ्या स्त्रीपुरुषांना हा विकार नित्याचा. त्यावर हळद वा मेंदी, भेगांवर कोकमतेल आणि कुरुपावर बिब्ब्याचा चटका हे घरगुती उपाय रूढ होते. कोकमतेल निरुपद्रवी आहे. बिब्ब्याने मात्र फोड येऊन जखम होते. कुष्ठरोगाने वा मधुमेहाने बधिर झालेल्या पायावर ती कळतही नाही; चिघळत जाऊन प्रसंगी पाऊल गमवावे लागते.

विसाव्या शतकात कवकसंसर्ग हे चिखल्यांचे एक प्रमुख कारण ठरले. बेंझॉइक व सॅलिसिलिक अम्लांचे व्हिटफील्ड मलम दीर्घकाळ वापरात होते. १९७० च्या दशकानंतर क्लोट्रिमॅझोलसारखी कवकनाशके आली. बेचके कोरडे ठेवणे मात्र आवश्यकच, आणि ऐन लावणीत नेमके तेच दुर्घट असते.