खेमकरण ते हिवरे बाजार

नगरला रणगाड्यांचं संग्रहालय आहे. सुट्टीत पोरं रणगाड्यांसमोर फोटो काढतात. पण युद्धाने आपल्या जिल्ह्यात खरा बदल कुठे केला असं विचारलं, तर मी डोंगरउतारावरचे पाण्याचे चर दाखवीन. कसं, ते सांगतो.

स्वतंत्र भारतात सक्तीची लष्करभरती कधी झाली नाही. पण पारनेर-नगरच्या कोरडवाहू गावांत ते काम दुष्काळच करायचा. राळेगणसिद्धीचा किसन हजारे, सातवी शिकलेला, मुंबईत दादरला फुलं विकणारा, साठच्या दशकाच्या सुरुवातीला सैन्यात गेला. ट्रकचालक झाला. १९६५ च्या युद्धात खेमकरण भागात सोबतचे जवान गेले, आपण वाचलो, असं अण्णा सांगत आले आहेत. असा वाचलेला माणूस आयुष्यभर स्वतःला विचारतो, मीच का उरलो? कुणी तो प्रश्न दारूत बुडवतो. अण्णा तो घेऊन १९७५ ला गावी आले. जवळचे पैसे यादवबाबांच्या मंदिराच्या दुरुस्तीला घातले. मग श्रमदान, नालाबंडिंग, दारूबंदी. कोरडं गाव पाण्यावर आलं.

पण बराकीतली शिस्तही गावात आली. दारुड्यांना खांबाला बांधून फटके दिले गेले, हे अण्णांनीही लपवलेलं नाही. गाव सुधारलं म्हणून हे विसरायचं का? मला नाही वाटत. युद्ध माणसाला धीर देतं, तशी हुकूम सोडायची सवयही लावतं. वर्दी उतरते, सवय उतरत नाही.

आता हिवरे बाजार बघा. १९८९ साली एम.कॉम. झालेले, क्रिकेट खेळणारे पोपटराव पवार सरपंच झाले. हा माणूस सैनिक नव्हता. राळेगणचा धडा शेजारीच होता. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी तिकडचीच, शेतीसाठी बोअरवेलबंदी वाढवली. फरक एवढाच की इथे ग्रामसभा बसते, पाण्याचा ताळेबंद मांडते आणि पाऊस बघून पिकं ठरवते. सैनिकाची शिस्त गावाने चर्चेत मुरवली. म्हणून ती टिकली, असं माझं मत.

हे आज का लिहितोय? पहाटे नगरच्या कुठल्याही रस्त्याला जा, भरतीची पोरं पळताना दिसतील. अग्निपथ योजना २०२२ ला आली. चार वर्षांची नोकरी, पेन्शन नाही, आणि मूळ नियमानुसार चारांतला फार तर एक जण कायम. बाकीचे तरुणपणीच गावी परततील. हातात थोडे पैसे, अंगात शिस्त आणि डोक्यात काय असेल ते त्यांनाच ठाऊक.

अण्णांना पेन्शन होती, करायला काम होतं. या पोरांसाठी आपल्या ग्रामसभेने काय ठरवलंय? परत येताना स्टँडवर हारतुरे घेऊन जाऊच. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कुठे जायचं, हे तुमच्या गावात कुणी बोललंय का? कमेंटमध्ये गावाच्या नावासकट सांगा.