जुन्या जीपगाडीचे पुनरुज्जीवन आणि पाठनिश्चितीचे तत्त्व

चारही चाकांना इंजिनाची गती पोहोचविणाऱ्या जुन्या मोटारगाड्या जमविणे ही हौशी मंडळींची करमणूक होय, असा सर्वसाधारण समज आहे. गाडी हुडकावी, विकत घ्यावी, वर्ष-दोन वर्षे तिच्यावर खर्च करून ती चालती करावी आणि पावसाळ्यात एखाद्या घाटवाटेने हाकावी, एवढाच या व्यवहाराचा व्याप वरवर दिसतो. तथापि त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न इतिहासाच्या आणि ग्रंथसंपादनाच्या अभ्यासकांस अपरिचित नाही. अनेक हातांतून गेलेल्या, वेळोवेळी दुरुस्त झालेल्या वस्तूचे मूळ रूप कोणते, ते कोणत्या पुराव्यावरून ठरवावयाचे, आणि ते सिद्ध करताना मधल्या काळाच्या खुणांचे काय करावयाचे, हा तो प्रश्न होय. जीप या एकाच गाडीच्या उदाहरणावरून त्याचा येथे विचार केला आहे.

१

जीपचा जन्म घाईचा आहे. ११ जुलै १९४० रोजी अमेरिकन सैन्याने हलक्या टेहळणी-गाडीसाठी १३५ कारखानदारांकडून निविदा मागविल्या. पहिला नमुना ४९ दिवसांत देण्याची अट होती. पेनसिल्व्हेनियातील बटलर येथील बॅन्टम या लहानशा कंपनीने ती पत्करली. कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याने आराखडा केला आणि २३ सप्टेंबर १९४० रोजी गाडी मेरीलँडमधील कॅम्प होलाबर्ड येथे हजर झाली. परंतु एवढ्या लहान कंपनीच्या हातून सैन्याची गरज भागणार नाही, या समजुतीने तो आराखडा विलिस-ओव्हरलँड आणि फोर्ड या कंपन्यांनाही दाखविण्यात आला. १९४१ मध्ये मुख्य काम विलिसकडे गेले आणि तिच्या नमुन्यावरून परवान्याने फोर्डही तीच गाडी बनवू लागली. विलिसची ती ‘एमबी’ आणि फोर्डची ती ‘जीपीडब्ल्यू’. १९४५ पर्यंत दोघींनी मिळून सहा लाखांहून अधिक गाड्या तयार केल्या.

या इतिहासातील एक गोष्ट पुढील विवेचनास महत्त्वाची आहे. ही गाडी कोणा एका कर्त्याची नाही. तिची मूळ रूपरेषा बॅन्टमची, सुमारे ६० अश्वशक्तीचे इंजिन विलिसचे आणि पत्र्यात ठोकून काढलेली नऊ फटींची दर्शनी जाळी फोर्डची. विलिसच्या अगदी पहिल्या गाड्यांना लोखंडी पट्ट्या जोडून केलेली जाळी होती. फोर्डची जाळी हलकी व स्वस्त ठरल्यामुळे पुढे विलिसनेही तीच घेतली. शिवाय रणभूमीवर एका गाडीचा भाग दुसरीस बसलाच पाहिजे, ही सैन्याची अट होती. फोर्डने आपल्या कित्येक भागांवर, अगदी बोल्टांच्या माथ्यांवरही, ‘एफ’ हे अक्षर उठविले. पण त्या बोल्टाने विलिसची गाडीही जोडता येई, आणि सैनिकी कार्यशाळांतून ती तशी जोडलीही जाई.

गाडीच्या नावाचा इतिहासही असाच मिश्र आहे. ‘सर्वसाधारण उपयोगाची’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे ‘जी’ आणि ‘पी’ एकत्र उच्चारून ‘जीप’ झाली, ही व्युत्पत्ती सर्वत्र सांगितली जाते. फोर्डच्या संज्ञापद्धतीत मात्र ‘जी’ म्हणजे सरकारी काम, ‘पी’ म्हणजे ८० इंच चाकांतर आणि ‘डब्ल्यू’ म्हणजे विलिसचा आराखडा. तसेच १९३६ पासून पॉपायच्या चित्रमालिकेत ‘जीप’ नावाचा एक अद्भुत प्राणी वावरत होता आणि अमेरिकन सैनिकांच्या बोलीत हा शब्द या गाडीच्या आधीपासूनच रुळलेला होता. लोकव्युत्पत्ती सुटसुटीत असते म्हणून ती टिकते. जुन्या जीपांच्या बाजारातही अशाच सुटसुटीत कथा टिकून आहेत. दिसेल ती ठेंगणी जीप ‘महायुद्धातली’ असते, ही त्यांतील सर्वांत प्रचलित कथा होय.

२

भारतात जीप आली ती दोन वाटांनी. पहिली वाट युद्धाची. आसाम आणि ब्रह्मदेश या आघाडीसाठी आणलेल्या गाड्यांपैकी पुष्कळशा युद्ध संपल्यावर परत गेल्या नाहीत. बंगालमधील पानागढसारख्या तळांवरून शिल्लक लष्करी माल विक्रीस निघाला आणि चहामळे, जंगलखाती, कंत्राटदार व संस्थानिक यांच्याकडे जीपा पोहोचल्या. दुसरी वाट कारखान्याची. १९४५ मध्ये स्थापन झालेली महिंद्र अँड महंमद ही कंपनी, भागीदारांपैकी मलिक गुलाम महंमद पाकिस्तानात गेल्यावर, १९४८ मध्ये महिंद्र अँड महिंद्र झाली. विलिसच्या जीपांचे सुटे भाग आणून ते मुंबईत माझगाव येथे जोडण्याचे काम तिने हाती घेतले आणि पुढे गाडीचे अधिकाधिक भाग येथेच बनू लागले.

या दोन वाटांनी आलेल्या गाड्यांना येथील बाजाराने आपली नावे दिली. युद्धकाळातील एमबी व जीपीडब्ल्यू आणि युद्धोत्तर ‘सीजे-२ए’ व ‘सीजे-३ए’ या सर्व ‘लो-बॉनेट’. १९५३ मध्ये विलिसने उंच इंजिनासाठी बॉनेट वर उचलले. ती ‘सीजे-३बी’ म्हणजे ‘हाय-बॉनेट’. अमेरिकेत हिचे उत्पादन १९६८ मध्ये थांबले. भारतात तिचा वंश त्यानंतरही दीर्घकाळ चालू राहिला. सरकारी कचेऱ्या, पाटबंधारे खाते, पोलीस आणि निवडणुकीचा प्रचार यांच्याशी मराठी माणसाच्या मनात जोडली गेलेली जीप बहुधा हीच. लष्करासाठी जबलपूर येथे १९६९ ते १९९९ या काळात निसान पेट्रोलवर आधारलेली ‘जोंगा’ तयार झाली. लिलावात निघालेल्या जोंगाही आज संग्राहकांच्या हाती आहेत.

१९७३ नंतर पेट्रोलचे भाव चढले, तेव्हा जीपच्या मालकांनी पेट्रोलचे इंजिन उतरवून डिझेलचे बसविण्याचा सपाटा लावला. याच काळात लांब बॉडी बसवून, मागे आडवी बाके घालून, खेडोपाडी प्रवासी नेणाऱ्या जीपा तयार झाल्या. ६ व्होल्टची वीजयोजना १२ व्होल्टची झाली, कमानपाटे वाढविले गेले, मूळ पत्रा सडला तेथे जाड पत्रा ठोकला गेला. या कामाचे आराखडे कोणी कागदावर काढले नाहीत. ते लेथवरच्या कारागिराच्या आणि गॅरेजातल्या मिस्त्रीच्या हातात होते. त्या काळाचे तांत्रिक दप्तर कोठे उरले असेल तर ते या गाड्यांच्या अंगावर होय.

३

जुनी जीप विकत घेणाऱ्यास प्रथम पुरावा वाचावा लागतो. आरसी बुकातील चासी क्रमांक व इंजिन क्रमांक गाडीवरील क्रमांकांशी जुळतात की नाही, हे कायद्याच्या दृष्टीने पहिले. पण कायद्याचे समाधान झाले म्हणजे इतिहासाचे झाले, असे नव्हे. विलिसच्या एमबीत चासीचा क्रमांक पट्टीवर कोरून ती पट्टी पुढील बंपरामागे डाव्या दांडीच्या आतील अंगास रिव्हेटने बसविलेली असे. फोर्डच्या गाडीत तो डाव्या दांडीच्या माथ्यावर ठोकलेला असे. फोर्डच्या गाडीत इंजिनाचा व चासीचा क्रमांक कारखान्यातून निघताना एकच असे. विलिसच्या गाडीत ते मुळातच भिन्न असत. तेव्हा ‘दोन्ही क्रमांक एक आहेत’ ही विक्रेत्याची ग्वाही फोर्डच्या बाबतीत मोलाची, तर विलिसच्या बाबतीत उलट संशय उत्पन्न करणारी ठरते.

इतर लक्षणेही अशीच तपासावी लागतात. पुढील आडवी दांडी नळीसारखी गोल असेल तर चासी विलिसची, उलट्या पन्हळीसारखी असेल तर फोर्डची. जाळीच्या फटी नऊ असतील तर ती युद्धकाळाची खूण. सात असतील आणि मागे उघडणारे फळके असेल तर गाडी युद्धोत्तर नागरी घडणीची. परंतु जाळी बदलणे हे दोन तासांचे काम असल्यामुळे तिची साक्ष चासीच्या साक्षीहून दुर्बळ मानावयास हवी. पुष्कळ वेळा नकलेच्या बॉडीखाली खरी चासी आढळते, आणि क्वचित याच्या उलटही घडते. मूळ बॉडीच्या तळाखालील पन्हळीत लाकूड भरलेले असे. ते ओल धरी आणि पत्रा आतून खाई. त्यामुळे तळ कुजलेला असणे हा दोष असला, तरी वयाचा पुरावाही तोच.

यावरून असे दिसते की, जीपच्या बाबतीत एकाच साक्षीवर विसंबता येत नाही. हस्तलिखिताचा काळ ठरविताना कागद, शाई, अक्षरवळण आणि भाषा यांची साक्ष स्वतंत्रपणे घेऊन मग ती ताडून पाहावी लागते, तीच शिस्त येथे लागते.

४

पुनरुज्जीवनाचे काम सुरू झाले की खरी अडचण उभी राहते. समजा, १९४३ मध्ये बांधलेली एखादी एमबी युद्धानंतर लिलावात निघाली, पुढे तिला फोर्डचे इंजिन बसले, मग डिझेलचे, आणि तिची बॉडी दोनदा बदलली गेली. तिला कोणत्या वर्षी न्यावयाचे? बहुतेक संग्राहक १९४३ असे उत्तर देतात. मग डिझेल इंजिन भंगारात जाते, फिलिपाइन्समध्ये बनविलेली नवी बॉडी मागविली जाते, हिरव्या रंगावर पांढरा तारा उमटतो. गाडी देखणी होते. परंतु तिच्यात १९४३ मधील असे पुष्कळदा चासीशिवाय काही नसते, आणि तिने येथे काढलेली साठ-सत्तर वर्षे मात्र पुसली जातात.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ ते १९६६ या काळात सिद्ध झालेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचा दाखला येथे उपयोगी पडण्याजोगा आहे. १९२५ पासून प्रमुख संपादक असलेल्या वि. सी. सुकथनकरांनी या कार्यास जी पद्धती घालून दिली, तिच्यात उपलब्ध पोथ्यांवरून पोहोचता येईल तितका प्राचीन पाठ वर छापलेला आहे. परंतु प्रक्षिप्त ठरलेले श्लोक फेकून दिलेले नाहीत. ते तळटीपांत व परिशिष्टांत, कोणत्या पोथ्यांत आढळतात याच्या नोंदीसह, जपलेले आहेत. वाचकास संपादकाचा निर्णय अमान्य असेल तर तो तपासण्याची सामग्री त्याच पृष्ठावर मिळते.

जीपच्या पुनरुज्जीवनात नेमकी ही सामग्री हरवते. काढलेले इंजिन, कापलेला पत्रा, घरगुती तऱ्हेने बनविलेला जोड यांची छायाचित्रे नाहीत, मापे नाहीत, कोणी व कोठे काम केले याची नोंद नाही. परिणामी पुढील अभ्यासकाच्या हाती संपादकाचा पाठ तेवढा येतो. गाडीचे रूप निवडण्याचा अधिकार मालकाचा आहे, याविषयी वाद नाही. वाद आहे तो निवड कशातून केली हे नोंदविले न जाण्याविषयी. फिलिपाइन्समध्ये युद्धातील शिल्लक जीपांपासून ‘जीपनी’ ही प्रवासी गाडी घडली आणि ती त्या देशाची ओळख बनली. तेथे बदललेले रूप हेच जपण्याजोगे मानले गेले. भारतातील लांब बॉडीच्या डिझेल जीपेस असा मान मिळालेला नाही. ती कच्चा माल म्हणूनच विकत घेतली जाते.

५

ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय संघाने, म्हणजे १९६६ मध्ये स्थापन झालेल्या ‘फिवा’ने, २०१२ मध्ये मान्य केलेल्या तुरिन सनदेत हा विचार आढळतो. वास्तूंच्या जतनाविषयीच्या १९६४ च्या व्हेनिस सनदेचा आदर्श पुढे ठेवून तिने वाहनाच्या आयुष्यात झालेल्या बदलांनाही ऐतिहासिक मूल्य दिले आहे आणि केलेल्या कामाची नोंद ठेवण्यावर भर दिला आहे. भारतात जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून व्हिंटेज वाहनांची स्वतंत्र नोंदणी सुरू केली. प्रथम नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ लोटलेली, मूळ स्वरूपात राखलेली आणि चासी, बॉडी वा इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली गाडी ‘व्हीए’ या अक्षरांच्या क्रमांकास पात्र ठरते. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, व्हिंटेज मेळावे, इंधन भरणे व दुरुस्ती यांसाठी ती रस्त्यावर आणता येते. नित्याच्या अथवा व्यापारी वापरासाठी नाही.

जुन्या गाड्यांस कायद्याने वेगळे स्थान दिले, ही स्वागतार्ह गोष्ट होय. तथापि ‘मूळ स्वरूप’ ही कसोटी जीपेस लावली की, जिचे इंजिन दोन पिढ्यांपूर्वी बदलले ती गाडी अडचणीत येते, आणि जिच्यावर कालपरवा नवी बॉडी चढवून मूळ रूपाचा आभास निर्माण केला आहे, ती वरवर पाहणाऱ्यास अधिक मूळ वाटते. नोंदींची सक्ती नसलेली कसोटी अशा रीतीने इतिहास पुसणाऱ्यासच अनुकूल होण्याचा संभव आहे.

जुनी जीप चालविण्याच्या आनंदाचाही या प्रश्नाशी संबंध आहे. पुढील व मागील आसांमध्ये वेगातील फरक सामावून घेणारी योजना या गाडीत नाही. म्हणून कोरड्या पक्क्या रस्त्यावर पुढील आस जोडून वळण घेतले, तर गती पोहोचविणाऱ्या दांड्यांना पीळ बसतो आणि सुकाणू जड होते. चिखलात, वाळूत, ओल्या चढावर चाके किंचित घसरतात आणि तो पीळ सुटतो. हे ज्ञान पुस्तकात वाचता येते, पण दोन छोट्या दांड्या योग्य क्षणी ओढण्याची सवय चालत्या गाडीवरच लागते. काचेमागे ठेवलेली जीप हे शिकवीत नाही. चालती ठेवावयाची म्हणजे भाग झिजणार आणि बदलावे लागणार. बदल हा या गाडीच्या स्वभावाचाच भाग आहे आणि तिच्या निर्मात्यांनीही तो गृहीत धरला होता.

म्हणून जतन आणि वापर यांतील विरोध नोंदींनी पुष्कळसा सुटण्याजोगा आहे. गाडी उघडण्यापूर्वी तिची छायाचित्रे व मापे घ्यावीत, काढलेल्या भागांपैकी निदान महत्त्वाचे भाग क्रमांक घालून ठेवावेत, नव्या भागावर त्याचे वर्ष उमटवावे, आणि पूर्वीच्या मिस्त्रींपैकी जे हयात असतील त्यांच्याकडून कामाची हकीकत त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्यावी. यांतील शेवटचे काम सर्वांत निकडीचे आहे. चासीचा क्रमांक आणखी पन्नास वर्षांनीही वाचता येईल. परंतु सत्तरच्या दशकात इंजिने बदलणाऱ्या कारागिरांपैकी जे आज सांगू शकतात, त्यांचे वय सत्तरीच्या पुढे आहे. मराठी भाषेच्या आणि इतिहासाच्या विभागांतील विद्यार्थ्यांनी मुंबई, पुणे, कोल्हापूर व नाशिक येथील जुन्या गॅरेजांतून ही हकीकत व तिच्यातील व्यवसायशब्द गोळा केले, तर जीपेच्या अभ्यासास आज नसलेले परिशिष्ट जोडले जाईल.